उसाचा प्लॉट आणि शाळेची तुकडी: अ‍ॅनोव्हा लावण्याआधी

प्रबंधाचं चौथं, आकड्यांच्या विश्लेषणाचं प्रकरण लिहायला घेतलं की एम.एड. आणि पीएच.डी. करणाऱ्यांचा ठरलेला प्रश्न येतो: तीन गट आहेत, टी-परीक्षण (दोन गटांच्या सरासरींतला फरक तपासणारी कसोटी) तीनदा करू की अ‍ॅनोव्हा लावू? अ‍ॅनोव्हाच लावा. तीन गटांच्या तीन जोड्या होतात. ०.०५ स्तरावर प्रत्येक तपासणीत, खरा फरक नसताना फरक दिसण्याची शक्यता ५ टक्के असते. तपासण्या एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या, तर तिन्ही मिळून ती १४ टक्क्यांवर जाते. चार गट असले की जोड्या सहा आणि शक्यता २६ टक्क्यांच्या वर. अ‍ॅनोव्हा, म्हणजे प्रचरण (गुणांचा विखुरलेपणा) विश्लेषण, सगळ्या गटांना मिळून एकच प्रश्न विचारतं, म्हणून ही वाढ होत नाही. गट दोनच असतील तर कुठलंही वापरा. टी-परीक्षणातल्या टी चा वर्ग केला की प्रचरण विश्लेषणातला एफ येतो.

सॉफ्टवेअर उघडण्याआधी एक छोटं उदाहरण हातानं सोडवून बघाच. आठवीचा विज्ञानाचा एक घटक, २० गुणांची चाचणी, तीन पद्धती, प्रत्येक पद्धतीला पाच मुलं. पारंपरिक गटाचे गुण ८, १०, ९, १२, ११. कृतियुक्त गटाचे १२, ११, १४, १३, १५. व्हिडिओ गटाचे ११, १३, १०, १२, १४. मध्यमानं, म्हणजे सरासरी, १०, १३ आणि १२.

पंधरा गुणांची बेरीज १७५. तिचा वर्ग भागिले १५, म्हणजे २०४१.६७. आता प्रत्येक गुणाचा वेगळा वर्ग करून बेरीज घ्या: २०९५. दोन्हींतला फरक ५३.३३, ही एकूण वर्गांची बेरीज. मग ५०, ६५, ६० या गटांच्या बेरजांचे वर्ग ५ नं भागून मिळवा: २०६५. त्यातून २०४१.६७ वजा केले की गटागटांमधला भाग २३.३३ मिळतो. उरलेले ३० गटांच्या आतले. स्वाधीनता मात्रा २ (गट वजा एक) आणि १२ (मुलं वजा गट). २३.३३ ला २ नं भागून ११.६७, ३० ला १२ नं भागून २.५, पहिल्याला दुसऱ्यानं भागून एफ ४.६७. कोष्टकात २ आणि १२ ला ०.०५ स्तरावर ३.८९, ०.०१ स्तरावर ६.९३. म्हणजे ०.०५ स्तरावर फरक सार्थ (निव्वळ योगायोगाचा न मानण्याजोगा) आहे, ०.०१ वर नाही.

इथं थांबून 'कृतियुक्त पद्धत सर्वांत परिणामकारक' असं लिहिलेलं फार वेळा वाचायला मिळतं. एफ फक्त एवढंच सांगतो की सगळी मध्यमानं सारखी मानता येत नाहीत. कोणतं कोणापेक्षा वेगळं, यासाठी पुढची कसोटी लागते. गट समान आकाराचे असल्यानं इथं टुकी कसोटी चालते: तिच्या कोष्टकातले ३.७७ गुणिले (२.५ भागिले ५) चं वर्गमूळ, म्हणजे २.६७. याहून मोठा फरक सार्थ. कृतियुक्त आणि पारंपरिक यांतला फरक ३, तो सार्थ. व्हिडिओ आणि पारंपरिक यांत २, कृतियुक्त आणि व्हिडिओ यांत १. दोन्ही सार्थ नाहीत. म्हणून 'सर्वांत परिणामकारक' हे वाक्य या आकड्यांवरून लिहिता येत नाही. परिणामाचा आकार, म्हणजे एकूण फरकातला किती भाग गटांमुळे, तोही द्या. २३.३३ भागिले ५३.३३, म्हणजे ईटा वर्ग ०.४४. लहान नमुन्यात तो फुगतो. ओमेगा वर्ग (त्याचंच फुगवटा कमी करणारं रूप) काढला तर ०.३३ येतो, आणि तो जास्त प्रामाणिक आहे.

गणित इतकंच आहे. खरी चूक याच्या आधी, नमुना निवडताना होते आणि नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरला ती निस्तरता येत नाही.

संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी ही रीत इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती-संशोधन केंद्रात काम करताना घडवली. १९२५ च्या त्यांच्या पुस्तकातून ती सगळीकडे पोचली. खतांचे प्रयोग जमिनीच्या तुकड्यांवर होत आणि कोणत्या तुकड्याला काय द्यायचं हे यदृच्छेनं ठरवावं, असा त्यांचा आग्रह होता. ही गोष्ट कोल्हापूरच्या माणसाला लगेच कळावी. नदीकाठच्या काळ्या रानात एक खत टाकलं, माळावरच्या रानात दुसरं टाकलं आणि दोन्हीकडच्या दोनशे-दोनशे उसांचं वजन केलं, तर चारशे प्रयोग झाले असं करवीर-कागलचा कुठलाही शेतकरी मानणार नाही. रानं दोन, प्रयोग दोन. वजनातला फरक खताचा की जमिनीचा, हे सांगायला मार्गच नाही.

शाळेत मात्र आपण नेमकं हेच करतो. आठवी अ ला कृतियुक्त, ब ला व्हिडिओ, क ला पारंपरिक. प्रत्येकी ४० मुलं धरून संख्या १२० लिहायची आणि स्वाधीनता मात्रा २ व ११७ दाखवायच्या. पद्धत दिली तुकडीला, मोजली मुलं. एका तुकडीतल्या मुलांना शिक्षक एक, तासाची वेळ एक, शेजारच्या बाकावरची चर्चा एक. त्यांचे गुण एकमेकांसारखे असतात आणि अ‍ॅनोव्हाची पहिली अट, निरीक्षणांची स्वतंत्रता, तिथंच मोडते. त्यात काही शाळा गुणांवरून तुकड्या पाडतात, म्हणजे अ तुकडी आधीच काळ्या रानातली.

किती फरक पडतो? समजा तुकडीतल्या मुलांमधला सहसंबंध (त्यांचे गुण एकमेकांसारखे असण्याचं माप) ०.१० आहे. १ अधिक ३९ (४० वजा १) गुणिले ०.१०, म्हणजे ४.९. १२० ला ४.९ नं भागा: माहितीच्या दृष्टीनं जेमतेम २४-२५ मुलं उरली. सहसंबंध ०.२० असेल तर १३-१४. अशा वेळी एफ फुगतो आणि नसलेला फरक सार्थ ठरतो. पूर्वचाचणी घेऊन सहप्रचरण विश्लेषण (पूर्वचाचणीचे गुण हिशेबात धरणारं प्रचरण विश्लेषण) केलं की हे सुटतं, असा समज आहे. तो चुकीचा आहे. पूर्वचाचणीमुळे सुरुवातीचा फरक काही अंशी भरून निघतो, पण एका पद्धतीला एकच तुकडी असेल तर शिक्षक आणि पद्धत कधीच वेगळे होत नाहीत.

मार्ग दोन आहेत. शाळा तयार असेल, तर तुकड्या मोडून मुलांना चिठ्ठ्या टाकून गटांत वाटा आणि तिन्ही गटांना शक्यतो एकाच शिक्षकानं शिकवावं. नाहीतर तुकड्या वाढवा. चार-पाच शाळांतून बारा तुकड्या घेतल्या, प्रत्येक पद्धतीला चार चिठ्ठीनं दिल्या, तर प्रत्येक तुकडीचं मध्यमान हा एक आकडा धरून साधा अ‍ॅनोव्हा करता येतो. स्वाधीनता मात्रा २ आणि ९, कोष्टकातली किंमत ४.२६. संख्या लहान दिसते म्हणून घाबरू नका. ती खरी आहे. बहुस्तरीय प्रतिमान (मुलं आणि तुकड्या दोन्ही एकाच विश्लेषणात धरणारं) येत असेल तर ते अधिक चांगलं.

बाकीच्या अटी तुलनेनं सोप्या. प्रचरणांची समानता लेव्हीन कसोटीनं बघा. गट असमान असतील आणि लहान गटाचं प्रचरण मोठं असेल तर धोका जास्त, तिथं वेल्चचा एफ (समान प्रचरणाची अट नसलेला) आणि नंतर जोड्यांसाठी गेम्स-हॉवेल कसोटी वापरा. तीच मुलं पूर्व, उत्तर आणि दिवाळीच्या सुट्टीनंतरची धारणा (किती लक्षात राहिलं ते बघणारी) चाचणी देत असतील, तर साधा एकमार्गी अ‍ॅनोव्हा लावू नका. पुनरावृत्त मापनाचा लावा आणि गोलीयता (चाचण्यांच्या जोड्यांतल्या फरकांचं प्रचरण सारखं असणं) मोडली तर ग्रीनहाऊस-गाइसर दुरुस्ती घ्या. मनोवृत्ती मापनीच्या एकेका विधानावर अ‍ॅनोव्हा चालवू नका, एकूण प्राप्तांक घ्या. नकारात्मक विधानांचं गुणांकन उलटं केलंय ना, हे आधी तपासा. गैरहजर मुलाच्या रकान्यात शून्य भरलेलं असतं, तेही शोधा. असं एकच शून्य वरच्या उदाहरणात कृतियुक्त गटातल्या १५ च्या जागी पडलं, तर त्या गटाचं मध्यमान १३ वरून १० वर येतं आणि सगळा निकाल कोसळतो.

सॉफ्टवेअर सार्थतेची किंमत (पी) ०.००० दाखवतं तेव्हा '०.००१ पेक्षा कमी' असं लिहा. जामोव्ही आणि जास्प ही दोन्ही संख्याशास्त्राची सॉफ्टवेअरं फुकट आहेत आणि वरचं जवळपास सगळं करतात.

मुख्याध्यापकांना परवानगीचं पत्र जूनमध्ये, वेळापत्रक पक्कं होण्याआधी द्या, आणि त्यात मुलांच्या संख्येआधी तुकड्यांची संख्या लिहा: कोणत्या इयत्तेच्या किती तुकड्या हव्यात, किती तासिका, आणि कोणत्या तुकडीला कोणती पद्धत ते चिठ्ठीनं ठरेल. चिठ्ठ्या मुख्याध्यापकांसमोर काढा आणि त्याच दिवशी तारीख घालून नोंद करा. ती नोंद तिसऱ्या, संशोधन पद्धतीच्या प्रकरणात जशीच्या तशी घालता येते.