'दुसऱ्या' लिहून पाहिलं आणि ठरवलं

विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि ठरावीक प्रोसेसर लागतो. माझ्या जुन्या लॅपटॉपात दोन्ही नाहीत. लॅपटॉप मात्र ठणठणीत. टाकून द्यायला मन होईना, म्हणून विंडोजऐवजी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम शोधायला लागले.

मी दिवसभर मराठीत अनुवाद करते. त्यामुळे तुलनेचे तक्ते बाजूला ठेवले आणि रोजचं काम प्रत्येक सिस्टिमवर करून बघायचं ठरवलं.

बहिणीचा मॅक आठवडाभर वापरला. इतकी सुबक देवनागरी मी पडद्यावर आधी पाहिली नव्हती. पण मॅकओएस अधिकृतपणे फक्त अ‍ॅपलच्याच कॉम्प्युटरवर चालते, म्हणून तो विषय तिथेच मिटला.

मग लिनक्स मिंट, एक मोफत ऑपरेटिंग सिस्टिम. पेन ड्राइव्हवरून, काही इन्स्टॉल न करता, सुरू करून बघता येतं. घाबरत घाबरत पहिलं पाऊल टाकणाऱ्याला ही सोय फार मोलाची आहे. वायफाय, आवाज, प्रिंटर लगेच चालले. इनस्क्रिप्ट (भारतीय लिपींसाठीची कळांची मांडणी) कीबोर्ड जोडला आणि माझ्या नेहमीच्या परीक्षेचा शब्द लिहिला: 'दुसऱ्या'. शिफ्ट धरून 'J' ची कळ दाबली की नुक्त्याचा ऱ, 'D' दाबून पाय मोडायचा, मग 'या'. बोटं सवयीने चालली, ऱ्या नीट जुळला. तिथेच अर्धा निर्णय झाला.

अडलं ते फॉन्टपाशी. विंडोजच्या मंगल या देवनागरी फॉन्टमधली ४२ पानांची फाइल लिबर ऑफिसमध्ये (वर्डसारखं मोफत सॉफ्टवेअर) ४५ पानांची झाली, कारण मंगल मिंटबरोबर येत नाही. स्टाइलमध्ये फॉन्ट बदलला तरी मराठी अक्षरं ढिम्म. देवनागरीसाठी तिथे 'सीटीएल' नावाचा वेगळा भाग असतो. तो सोडून दुसऱ्या भागात बदल केला तर फक्त रोमन अक्षरं बदलतात. हे उमगायला अख्खी संध्याकाळ गेली. आता नोटो फॉन्ट लावते आणि पक्की प्रत पीडीएफमध्येच पाठवते.

इन्स्टॉल करण्याआधी बॅकअप घेतला आणि विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद केलं. ते चालू असलं की विंडोज पुरतं बंद होत नाही, आणि मग लिनक्समधून त्या ड्राइव्हवर लिहिताना अडतं. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

विंडोज काढलेलं नाही. युनिकोडपूर्वीच्या (आजच्या मराठी टायपिंगच्या मानकाआधीच्या) फॉन्टमधल्या जुन्या फायली उघडायच्या असल्या की तिकडे जाते, नेट बंद ठेवून.