भूगोलाचा राहिलेला पेपर

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर आली आणि आईने लगेच विचारलं, "बाईंना कळवलंस का?" बाई म्हणजे भूगोलाच्या. शाळेविषयी लिहायला बसले की माझ्या हातून बाईच लिहिल्या जातात, समितीने सांभाळून घ्यावं.

आमची दहावीची बॅच २०२० ची. पसरणीहून सायकलने वाईला यायचं, मधल्या आळीत कुणाची तरी चेन पडायचीच. घाटावर कृष्णाबाईच्या, म्हणजे कृष्णा नदीच्या, उत्सवाचे कर्णे आणि वर्गात सराव परीक्षा, दोन्ही एकदम. पुस्तकात भारत आणि ब्राझील. साच्याने काढलेला नकाशा बाईंना चालत नसे. माझा ब्राझील पूर्वेला कायम चपटा. "अगं, नाक कुठं गेलं याचं?"

धड्यातली क्षेत्रभेट नळदुर्ग ते अलिबाग; आमची शाळा ते ढोल्या गणपती, तीही चालत. देवळात न शिरता बाईंनी आम्हाला मागे नेलं. मागची भिंत माशासारखी निमुळती, पुराचं पाणी तिथे दुभंगतं. जन्मापासून या देवळात जाणारी मी, पण मागे कधी फिरकले नव्हते. "नदी कुठून कुठे वाहते?" मी छातीठोकपणे उलटी दिशा दाखवली. बाईंनी हातावर झेंडूचं फूल ठेवलं. "टाक आणि बघ." फूल थोडं पुढे गेलं, पायरीशी गरगरलं आणि माझ्याकडेच परत आलं. सगळा वर्ग हसला, बाईसुद्धा. "हा भोवरा. दहावीला नाही, तरी बघून ठेव."

२१ मार्चला, शनिवारी, इतिहासाचा पेपर देऊन बाहेर आलो. बाई फाटकाशी कोरे नकाशे वाटत होत्या, सोमवारी भूगोलाच्या पेपरआधी भरून दाखवायचे म्हणून. त्याच दिवशी पेपर पुढे ढकलल्याची बातमी आली आणि एप्रिलमध्ये तो रद्दच झाला. बाकीच्या विषयांवरून मला ४० पैकी ३६ मिळाले. ज्या विषयासाठी वर्षभर राबलो, त्याचे गुण गणिता-विज्ञानाने दिले!

पुढच्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. निरोप मोबाइलवरच झाला. माझ्याकडे आवाज येत नव्हता, बाईंचे ओठ तेवढे हलताना दिसले. ती रुखरुख अजून आहे. आता मी पुण्यात जीआयएसचं काम करते, दिवसभर संगणकावर नकाशेच.

जनता कर्फ्यूच्या रविवारी बाहेर थाळ्या वाजत असताना भरलेला तो नकाशा फायलीत तसाच आहे. समारंभाला घेऊन येते. बाई, नाक या वेळी जमलंय.