अंगणातील हरभरा : पंचेचाळिसाव्या दिवसाची नोंद

दसऱ्यानंतर पेरलेला हरभरा काल पंचेचाळीस दिवसांचा झाला आणि ठरल्याप्रमाणे सोळांपैकी आठ कुंड्यांतील झाडे उपटून मुळे धुतली. मुळांवर गाठी करून राहणारे आणि हवेतील नत्र झाडाला देणारे जिवाणू मातीत जितक्या जास्त प्रकारचे, तितका हरभरा चांगला वाढतो का, हे पाहायचे होते. गिरणेची वाळू धुऊन, प्रेशर कुकरमध्ये निर्जंतुक करून प्रत्येक कुंडीत विजय वाणाचे एकेक झाड वाढवले होते. चार कुंड्या तुलनेसाठी तशाच ठेवल्या, चारांना हरभऱ्याच्या रायझोबियम संवर्धकाचे, म्हणजे अशाच जिवाणूंचे, पाकीट लावले, चारांत वर्षानुवर्षे रब्बीत हरभरा होणाऱ्या शेतातील चमचाभर काळी माती घातली आणि उरलेल्या चारांत त्याच शेताची, केळीच्या मळ्याची व बांधावरील बाभळीखालची माती एकत्र करून घातली. नत्र वगळता बाकीची अन्नद्रव्ये सर्वांना सारखीच दिली.

गेल्या वर्षी तुलनेच्या झाडांवरही गाठी आल्या होत्या, कारण सर्व कुंड्यांना मी एकाच झारीने पाणी घालत होतो. तो संपूर्ण हंगाम वाया गेल्याची हळहळ अजून आहे. यंदा तुलनेच्या कुंड्यांना वेगळी झारी आणि उकळून गार केलेले पाणी दिले. उपटलेल्या दोन्ही झाडांच्या मुळांवर एकही गाठ नाही आणि खालची पाने पिवळी पडली आहेत, म्हणून बाकीच्या निरीक्षणांवर विश्वास ठेवता येतो.

सर्वांत जास्त गाठी सरमिसळ मातीत आल्या : एका झाडावर ३८, तर पाकिटाच्या झाडांवर १९ आणि २४. तरीही उंचीत, फांद्यांत आणि पानांच्या गडदपणात पाकिटाची झाडे पुढे आहेत आणि शेतातील मातीची झाडे जवळजवळ त्यांच्या बरोबरीची आहेत. याचे कारण ब्लेडने गाठी कापल्यावर दिसले. पाकिटाच्या गाठी मुळाच्या वरच्या भागात, पंख्यासारखे फाटे फुटलेल्या आणि आतून डाळिंबाच्या दाण्यासारख्या लालसर होत्या. बोटालाही तो रंग लागला. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा असतो. नत्र स्थिर करणारे नायट्रोजिनेज हे विकर (एन्झाइम) प्राणवायूने निकामी होते, पण जिवाणूंना श्वसनासाठी तोच लागतो, म्हणून हे द्रव्य प्राणवायू बांधून ठेवून बेताबेताने पोहोचवते. सरमिसळीतील बऱ्याच गाठी मात्र बारीक उपमुळांवर, मोहरीएवढ्या आणि आतून पांढऱ्या निघाल्या.

मूग आणि चवळी ब्रॅडिरायझोबियम या गाठी करणाऱ्या जिवाणूंच्या गटातील अनेक प्रकारांना थारा देतात. हरभरा मात्र फार चोखंदळ असून मुख्यतः मेसोरायझोबियम या दुसऱ्या गटाच्या मोजक्या जातींशीच त्याचे जमते. त्यामुळे मातीत एकूण किती प्रकार आहेत यापेक्षा त्यांतले हरभऱ्याला चालणारे किती, हे माझ्या मते अधिक महत्त्वाचे आहे. शिवाय मुळावर जागा पटकावण्याचे आणि नत्र देण्याचे सामर्थ्य एकाच जिवाणूत असेलच असे नाही, आणि साखर मात्र झाडाला प्रत्येक गाठीवर खर्चावी लागते. झाड अगदीच हतबल नसते : संशोधक टोबी कीर्स आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सोयाबीनच्या गाठींना हवेतील नत्राऐवजी आरगॉन हा निष्क्रिय वायू दिला, तेव्हा नत्र न देऊ शकणाऱ्या त्या जिवाणूंची वाढ झाडाने रोखली. माझ्या झाडांवरील पांढऱ्या गाठी त्यामुळेच खुरटल्या असाव्यात, असा माझा तर्क आहे.

उरलेल्या आठ कुंड्या घाटे भरेपर्यंत ठेवणार आहे. त्यानंतर फाल्गुनात सरमिसळीच्या वाळूत मूग पेरीन. त्याच्या मुळांवर गोल, आतून गुलाबी गाठी धरल्या, तर हरभऱ्याला निरुपयोगी ठरलेले काही प्रकार मुगाच्या कामाचे होते, हे कळेल.