मोरीच्या भिंतीवरचं सिमेंट

गेल्या आठवड्यात आमच्या गावाबाहेरच्या ओढ्यावरची मोरी दुरुस्त केली. पावसात एका बाजूची भिंत ढासळली होती, तिथं दगड बसवून सिमेंट भरलं. संध्याकाळी फिरायला गेलो आणि तिथंच थांबलो. जुनी भिंत काळी, शेवाळलेली आणि मधे सुपाएवढा नवा करडा तुकडा. दहा मिनिटं उभा होतो. सोबतच्या माणसाला वाटलं, कामाचा दर्जा बघतोय.

ते लिहून काढतो. इतकी वर्षं नुसतं "श्रीलंकेत होतो" एवढंच सांगत आलो.

१९८४ ला बेळगावला भरती झालो, तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. आमच्या सातारा भागात पोरगं फौजेत जातं यात नवल काहीच नाही. अपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात गेलेले ४६ जण परत आले नाहीत, त्यांचा दगड इंग्रजांनी गावात लावला, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण समुद्र ओलांडून लढायला जाणं ही आजा-पणजांच्या काळातली गोष्ट, असंच वाटायचं. लंका म्हणजे मला दोनच गोष्टी माहीत, रामायण आणि वडिलांचं रेडिओ सिलोन.

२९ जुलै १९८७ ला कोलंबोत करार झाला आणि आपली फौज तिकडं गेली. नाव होतं शांतीसेना. आमची पलटण नोव्हेंबरात पोचली. मद्रासहून एएन-३२ विमानातून जाफन्याजवळच्या पलालीच्या धावपट्टीवर उतरलो, तोवर तमिळ वाघांकडून, म्हणजे एलटीटीईकडून, जाफना आपल्या ताब्यात आलं होतं. पण ते कसं आलं हे उतरल्या उतरल्या कळलं. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरमधून शीख लाइट इन्फंट्रीचे तीस जवान उतरले होते, त्यातला एक जिवंत राहिला. आम्ही पोचलो त्याच महिन्यात, २५ नोव्हेंबरला, ८ महार पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन गेले. छातीत गोळी लागली असताना त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्यालाच उडवलं. त्या मोहिमेतलं एकमेव परमवीर चक्र त्यांचं. शांतीसेना हा शब्द त्यानंतर आमच्या तोंडी फारसा आला नाही.

माझं बहुतेक आयुष्य तिथं एका रस्त्यावर गेलं. परांतनहून मुल्लैतिवूकडे जाणारा रस्ता. दोन्ही बाजूंना झाडी, मधून भातशेती, तळी, लाल माती. आमच्या पोस्टपासून पुढच्या पोस्टपर्यंतचा साडेपाच किलोमीटरचा तुकडा रोज सकाळी खोलायचा, हे आमच्या सेक्शनचं काम. आरओपी, म्हणजे रोड ओपनिंग पार्टी, म्हणतात त्याला. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन सगळे सज्ज, मग चहा, आणि उजाडलं की निघायचं. चार जण रस्त्यावर, बाकीचे दोन्ही बाजूंनी पन्नास-साठ पावलं झाडीतून. रस्त्यावरच्यांनी सुरुंग बघायचा, झाडीतल्यांनी वायर. कारण सुरुंग पुरणारा माणूस लांब झाडाआड बसलेला असतो आणि त्याच्या हातापर्यंत वायर गेलेली असतेच. ती सापडली की सगळं सापडलं.

साडेपाच किलोमीटरला तीन तास लागायचे. रात्री उकरलेली माती सकाळी ओली, गडद दिसते. दहा वाजेपर्यंत ती वाळते आणि बाकीच्या मातीसारखीच होते. म्हणून सगळा खेळ सकाळच्या त्या पहिल्या दोन-अडीच तासांचा. मातीचा रंग, गवत कुठल्या बाजूला लवलंय, काल नव्हता असा दगड, वाळलेल्या पानांचा ढीग. शिवाय माणसं. एक म्हातारी रोज अंगण झाडायची, दोन पोरं सायकलवर शाळेला जायची, एक दुकान सात वाजता उघडायचं. यातलं काही दिसलं नाही की आम्ही जागच्या जागी बसायचो. तमिळ येत नव्हतं. तण्णी म्हणजे पाणी, निल्लु म्हणजे थांब, एवढ्यावर भागवायचो. ती म्हातारी कधी हसली नाही. तिच्या घरातलं कुणी गेलं होतं का, आणि गेलं असेल तर कुणाच्या गोळीनं, हे मी विचारू शकत नव्हतो. त्या लोकांची माणसं दोन्हीकडून मारली गेली. आमच्या गोळ्यांनीही गेली. हे लिहिल्याशिवाय माझं पुढचं लिहिणं खरं होणार नाही.

हातात एसएलआर. चांगली रायफल, पण लांब आणि जड, झाडीत फिरवताना अडकायची. समोरच्यांकडे एके-४७. आवाजावरून लगेच कळायचं कोण चालवतंय. डास, मलेरिया, साप हे सगळं होतंच, त्याचं काही विशेष नाही. टपाल मी-८ हेलिकॉप्टरमधून भाजीच्या पोत्यांबरोबर यायचं. घरच्या आंतरदेशीय पत्राला कांद्याचा वास यायचा, तो मात्र अजून आठवतो.

माझा बडी माझ्याच जिल्ह्यातला, माझ्यापेक्षा वर्षानं लहान. नाव लिहीत नाही, त्याच्या घरच्यांना मी विचारलेलं नाही. बडी म्हणजे काय हे फौजेबाहेर सांगणं अवघड आहे. खंदक एक, डबा एक, पहारा एक. तो झोपला की मी जागा आणि मी झोपलो की तो. कोणाचं पत्र आलं तरी दोघांनी वाचायचं. त्याच्या आईच्या पत्रातली गायीची, भांडणांची, लग्नांची सगळी खबर मला असायची, आणि त्याला माझ्या घरची.

१९८८ चा डिसेंबर. तिकडचा पाऊस आपल्या उलट, ऑक्टोबर ते जानेवारी. रस्ता खोलायला सगळ्यात वाईट दिवस, कारण सगळीच माती ओली. त्याची दाढ आठवडाभर दुखत होती. गाल सुजलेला, टॉवेलनं जबडा बांधून पहारा करायचा. लंगरमधून, म्हणजे फौजी स्वयंपाकघरातून, लवंग आणून दाढेत धरायचा. शेवटी कंपनी कमांडर साहेबांनी त्याला कॉन्वॉयबरोबर, म्हणजे गाड्यांच्या ताफ्याबरोबर, मागं डॉक्टरकडे पाठवलं. दोन दिवसांनी परत येणार होता.

त्या दिवशी सकाळी रस्त्यावरच्या चौघांत मी पुढं होतो. चौथ्या किलोमीटरला एक मोरी होती. रोजची. मी खाली उतरलो, दोन्ही तोंडांतून आत बघितलं. पाणी वाहत होतं, आरपार उजेड दिसत होता, आत काही नव्हतं. वर येताना बाजूच्या भिंतीवर नजर गेली. दगडांच्या मधे एक सिमेंट भरलेला तुकडा. मी बघितला. बघितला नाही असं नाही. हात लावला, घट्ट होता. बाकीच्या भिंतीवर शेवाळ आणि त्याच्यावर नाही, हेही मला दिसलं. मनात आलं, कुणीतरी दुरुस्ती केलेली दिसतेय. मागून आवाज आला, चला. झाडीतल्यांनाही काही दिसलं नव्हतं. पुढच्या पोस्टला पोचून वायरलेसवर सांगितलं, रस्ता ओके.

अकरा वाजता कॉन्वॉय त्याच मोरीवरून गेला. काही झालं नाही. चार वाजता परत येताना दुसरी गाडी उडाली.

आवाज आमच्या पोस्टपर्यंत आला. आम्ही पळालो. त्या गाडीचं वर्णन मी करणार नाही. तिघे गेले. माझा बडी त्यात होता. त्याच्या तोंडात अजून कापूस होता, डॉक्टरांनी दाढ काढून लावलेला.

दुसऱ्या दिवशी सॅपर, म्हणजे सुरुंगाचं काम जाणणारे जवान, आले. भिंतीचे दगड काढून मागची माती कोरून स्फोटकांचा ड्रम ठेवला होता आणि दगड परत बसवून वरून सिमेंट भरलं होतं. वायर हातभर खोल पुरलेली, दीडशे पावलांवरच्या झाडापर्यंत. वरची माती पावसानं बसून गेली होती. ड्रम कधी ठेवला हे नक्की कुणाला सांगता आलं नाही. सकाळी उडवला नाही आणि संध्याकाळी का उडवला, तेही नाही. कंपनी कमांडर साहेब मला म्हणाले, तुझी चूक नाही, मीही पुढं गेलो असतो. भला माणूस होता. पण सिमेंटला हात मी लावला होता.

पुढचे सात महिने तोच रस्ता रोज चाललो. प्रत्येक मोरीच्या प्रत्येक दगडाला हात लावून. तीन तासांचं काम चार तासांवर गेलं. मला घाई कर असं त्यानंतर कुणी म्हटलं नाही.

१९८९ ला पलटण परत आली. सुट्टी मिळताच आधी बडीच्या घरी गेलो. आई ओसरीवर बसली होती. रडून झालं होतं तिचं, वर्ष होत आलं होतं. तिनं पाणी दिलं, मग विचारलं, "बाळा, पत्रात लिहिलं होतं त्यानं, दाढ लई दुखते म्हणून. काढली का रे ती?"

म्हटलं, "काढली, आई. आदल्या दिवशीच काढली."

"मग दुखायची थांबली असंल."

"थांबली होती."

ते मला माहीत नव्हतं. तरी सांगितलं. मोरीचं सांगितलं नाही.

गावात आलो तर लोक विचारायचे, तुमची शांतीसेना ना, तिकडं कसली लढाई? रागानं नव्हे, माहीतच नव्हतं त्यांना. ६५ ची, ७१ ची लढाई सगळ्यांना पाठ. आमची कुणाच्या घरात नव्हती, ज्यांचं माणूस गेलं त्यांच्या घरात तेवढी होती. २४ मार्च १९९० ला शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली. बत्तीस महिने चाललं ते. सुमारे बाराशे जवान परत आले नाहीत. त्यांचं स्मारक आधी झालं ते तिकडे, कोलंबोजवळ, २००८ साली. जिथून आम्हाला "निघून जा" सांगितलं गेलं, तिथं आमच्या पोरांची नावं दगडावर आली. आपल्याकडे दिल्लीत राष्ट्रीय युद्ध स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ ला उघडलं, त्यात ही नावंही आहेत. मला तक्रार करायची नाही. पण तीस वर्षं हा फार मोठा काळ आहे. माझ्या बडीची आई तोवर राहिली नाही.

त्याचा धाकटा भाऊ आहे. गवंडी आहे. स्मारक उघडलं त्याच वर्षी दिवाळीनंतर मी त्याला म्हटलं, चल दिल्लीला. दोघं रेल्वेनं गेलो. स्मारकातल्या त्यागचक्राच्या, म्हणजे नावं लावलेल्या, भिंती फिरून फिरून नाव शोधलं. एकेका जवानाच्या नावाची ग्रॅनाइटची पट्टी, त्यावर सोनेरी अक्षरं. नाव सापडलं तेव्हा त्यानं चप्पल काढली. मीही बूट काढले. कडाक्याची थंडी होती, फरशी बर्फासारखी.

आणि तिथं, का ते सांगता येत नाही, मी त्याला सगळं सांगितलं. मोरी, भिंत, सुपाएवढा तुकडा, हात लावला ते, वायरलेसवर ओके दिलं ते. एकतीस वर्षांत बायकोलाही सांगितलं नव्हतं.

तो ऐकत राहिला. मग विचारलं, "सिमेंट ओलं होतं का?"

"नाही. घट्ट होतं."

"रंग?"

"करडा. गडद."

"पाऊस होता म्हणता. आणि खाली पाणी वाहतं." तो थोडा वेळ गप्प बसला, कामाचा अंदाज घेताना बसतो तसा. "दादा, पाण्याजवळचं सिमेंट पांढरं पडत नाही लवकर. सावलीत तर नाहीच. महिन्याचं असो नाहीतर चार महिन्यांचं, दिसायला सारखंच. शेवाळ धरायलाही एक पावसाळा जावा लागतो. मी गवंडी आहे, मला सांगता आलं नसतं. तुम्हाला कुठून कळणार?"

मी काही बोललो नाही. बोलता आलंच नसतं.

त्यानं परत नावाकडं बघितलं. अंगठा अक्षरांवरून फिरवला, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, मग पट्टीच्या कडेवरून, सांध्यावरून. म्हणाला, "अक्षरं चांगली कोरलीत. पावसानं जायची नाहीत."