राणीची झोपेत होणारी लघवी

राणी झोपून उठली की तिची गादी ओली असायची. बाहेर जायचं असेल तर दाराशी जाऊन उभी राहणारी ही कुत्री. ओलं दिसलं की तीच बावरायची आणि मागचा भाग चाटत बसायची. घरात लगेच दोन उपाय निघाले: तिला रागवा आणि संध्याकाळनंतर पाणी देऊ नका. मी दोन्ही होऊ दिले नाहीत. झोपेत गळणाऱ्या लघवीचा तिला पत्ताच नसतो, मग रागवायचं कशाबद्दल? आणि मूत्रपिंडाचं दुखणं असेल तर पाणी तोडणं तिच्या जिवावर बेतू शकतं.

डॉक्टरांनी आधी प्रश्नच विचारले. झोपेत होते की जागेपणी? करताना कण्हते का? पाणी किती पिते? मी तिचा झोपेतला व्हिडिओ दाखवला, त्याचा फार उपयोग झाला. पाणी मात्र घरी मापून द्यावं लागलं. दिवसाला वजनाच्या दर किलोमागे 100 मिलीपेक्षा जास्त पाणी पीत असेल तर मधुमेह, मूत्रपिंड, कुशिंग (शरीरात कॉर्टिसॉल हे हार्मोन जास्त होणं) असे आजार तपासावे लागतात. सकाळची पहिली लघवी उथळ ताटलीत धरून तपासायला दिली. लघवीचं कल्चर (जंतू वाढतात का ते पाहणं), रक्त, सोनोग्राफी झाली. जंतुसंसर्ग नाही, खडा नाही.

म्हणजे मूत्रमार्गाचा स्नायू सैल पडला होता. नसबंदी झालेल्या माद्यांमध्ये, त्यातही मोठ्या जातींमध्ये, हे जास्त दिसतं, कधीकधी ऑपरेशननंतर कित्येक वर्षांनी. बीजकोष काढल्यावर इस्ट्रोजेन हे मादीचं हार्मोन घटतं, हे त्यामागचं एक कारण.

फिनाइलप्रोपॅनॉलअमाइन सुरू झालं. या औषधाने तो स्नायू आवळला जातो, पण रक्तदाबही वाढू शकतो, म्हणून तो आधी मोजून घेतला. सुरुवातीला ती अस्वस्थ वाटली, खाणंही कमी झालं. डॉक्टरांनी मात्रा बदलली आणि ती सावरली. वेळ चुकवून चालत नाही. हे सोसलं नसतं तर एस्ट्रिऑल या इस्ट्रोजेनच्या औषधाचा पर्याय होता; नसबंदी झालेल्या मादीला ते देतात आणि मात्रा हळूहळू कमीत कमीवर आणतात. माणसांच्या गोळ्या अंदाजाने द्यायचा विचारसुद्धा करू नका.

खरी मेहनत मात्र कातडीची. ओल्या केसांखाली कातडी लाल होते, चुरचुरते, मग ती चाटते आणि जखम चिघळते. मांड्यांमधले केस बारीक कापून घेतले. कोमट पाण्याने पुसायचं आणि पूर्ण कोरडं करायचं, हे कोरडं करणं सगळ्यात महत्त्वाचं. बाळांची झिंक ऑक्साइडची मलमं लावू नका, चाटल्यावर ती पोटात जाऊन विषबाधा होऊ शकते. डायपर मी फक्त पाहुणे असताना किंवा प्रवासात वापरते, आणि ओला झाला की लगेच काढते. गादीवर रबरशीट, त्यावर ओल शोषून घेणारी चादर. फरशीला एन्झाइमवालं क्लीनर. अमोनियावाल्याचा वास लघवीसारखाच येतो, त्यामुळे कुत्री पुन्हा तिथेच जातात.

निजण्याआधी एक फेरी, उठल्याबरोबर दुसरी. वजनही उतरवलं, कारण लठ्ठपणाने गळती वाढते. आता गादी क्वचितच ओली होते. रक्तदाब आणि लघवीची तपासणी ठरलेल्या वेळी चालूच आहे, कारण अशा कुत्र्यांना जंतुसंसर्ग लवकर होतो.

एक गोष्ट मात्र वेगळी ओळखा. कुत्रा जोर लावतोय आणि लघवी होतच नाही, असं दिसलं तर ती गळती नव्हे, मार्ग अडलेला असू शकतो. तेव्हा सकाळची वाट न बघता तातडीने दवाखाना गाठा.