तुम्ही विचारलंत म्हणून: औषधाचं माप

“तुमी त्या एआयलेच इचारून औषद सांगता न भाऊ? मंग आमी घरूनच इचारलं तं काय बिघडते?” कृषी केंद्राच्या काउंटरवर हा प्रश्न आता आठवड्यातून दोनदा तरी येतो.

विचारतो, हे खरं आहे. चॅटजीपीटी मी रोज उघडतो. माहितीपत्रकातली किचकट इंग्रजी त्याच्याकडून सोपी करून घेतो, पीकविम्याच्या तक्रारीचा अर्ज लिहून घेतो. त्याची मराठी फार पुस्तकी. ‘कपाशीची रोपे’ खोडून ‘पऱ्हाटी’ लिहितो, मगच गावच्या ग्रुपवर टाकतो.

माप मात्र त्याचं घेत नाही. गेल्या खरिपात एका कीटकनाशकाची सूचना तयार करून घेतली, तर हेक्टरी मात्रा त्यानं एकरी म्हणून लिहून दिली. म्हणजे जवळपास अडीचपट! वाक्य इतकं ठाम होतं, की लेबल समोर नसतं तर मीही तसंच पुढे पाठवलं असतं. पुढचा कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, हे बघत बघत ते उत्तर जुळवतं. त्यामुळे चुकलेला आकडाही बरोबर आकड्याइतक्याच सफाईनं येतो.

2017 चा हंगाम आपल्या यवतमाळ जिल्ह्यानं पाहिलाय. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, फवारा थेट नाकातोंडावर. विषबाधेनं 20 च्या आसपास माणसं गेली, शेकडो दवाखान्यात भरती झाली. अडीचपट म्हटलं की मला तेच दिवस आठवतात.

आणि प्रश्न नुसता मापाचा नाही. “पानं लाल झाली, काय मारू?” असं विचारलं की मोबाइल लगेच एखादं औषध सुचवतो. वावरात जाऊन पान उलटून बघावं लागतं. शिरा हिरव्या आणि मधला भाग लाल असेल, तर बहुधा मॅग्नेशियम कमी पडलंय. तिथं कीटकनाशक मारून काय उपयोग? कडा खाली वळल्या असतील आणि पानामागं तिरपे चालणारे तुडतुडे दिसले, तर गोष्ट वेगळी.

तेव्हा घरून खुशाल विचारा. उत्तर घेऊन या, सोबत झाडाची दोन पानं आणा, एक शेंड्याचं, एक बुडाचं. घरात औषध उरलं असेल तर तो डबाही आणा. लेबलावरचा त्रिकोण लाल असला, म्हणजे औषध अतिविषारी असलं, तर फवारणाऱ्या गड्यालाही घेऊन या. त्याच्याशी मला बोलायचंय.