जखमी सैनिकांसाठी गोधड्या: दुसरीची वरची बाजू जोडून झाली

दुसऱ्या गोधडीची वरची बाजू अखेर एकसंध झाली. आडवे 6, उभे 8, असे दहा-दहा इंचांचे 48 चौकोन. एकूण 60 बाय 80 इंच. माप आम्ही मनानं ठरवलेलं नाही. कॅथरिन रॉबर्ट्स यांनी 2003 साली अमेरिकेत सुरू केलेल्या, सैनिकांना गोधड्या देणाऱ्या ‘क्विल्ट्स ऑफ व्हॅलर’ या संस्थेचे लोक साधारण याच मापाची गोधडी करतात, 55 बाय 65 हून लहान नाही, 72 बाय 90 हून मोठी नाही. अमेरिकी यादवी युद्धात सैनिकांच्या मदतीसाठी काम करणाऱ्या सॅनिटरी कमिशननं तर बायकांना सात फूट लांब आणि फक्त 50 इंच रुंद गोधड्या करायला सांगितलं होतं. त्या इस्पितळातल्या अरुंद खाटांसाठी होत्या. चाकाच्या खुर्चीसाठी हवी असेल तर मात्र मांडीपुरती, वेगळीच करावी. लांब गोधडीचं टोक चाकात जातं.

गटानं शिवताना खरी गंमत शिवणीच्या मायेची, म्हणजे शिवणीबाहेर सोडायच्या कापडाची असते. पाव इंच माया सोडा म्हटलं की सगळ्या मान डोलावतात, पण प्रत्येकीचा पाव इंच निराळा. कडेला अर्ध्या सुताचा, म्हणजे इंचाच्या सोळाव्या भागाचा फरक पडला, तर आठ चौकोनांच्या सोळा कडा मिळून लांबीत सरळ एक इंच जातो. म्हणून या वेळी कापड हातात देण्याआधी सगळ्यांना एक चाचणी दिली. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या शेजारी शेजारी जोडायच्या, इस्त्री करायची आणि मधली पट्टी मोजायची. ती बरोब्बर एक इंच भरली पाहिजे. भरली नाही तर सुई सरकवा किंवा मशीनवर चिकटपट्टीची खूण करा, आणि पुन्हा शिवा. हात बसलेल्यांना हे पोरखेळ वाटलं, पण जोडताना एकाही चौकोनाला ओढून-ताणून बसवावं लागलं नाही.

इस्पितळात जाणारी गोधडी म्हणजे आधी धुण्याचं कापड, मग शोभेचं. सगळं सुती कापड शिवण्यापूर्वी गरम पाण्यातून काढलं. लाल आणि गडद निळ्या कापडावर ओला पांढरा रुमाल दाबून पाहायचा. रंग उतरला तर पुन्हा धुवायचं, तरी उतरला तर सरळ बाद. एक देखणं मरून कापड असंच गेलं, आणि ज्यांनी ते आणलं होतं त्या काकू अजून हळहळताहेत. भरण पातळ सुती घेतलंय. जाड भरणाची गोधडी उबदार दिसते खरी, पण भाजलेल्या किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या अंगावर तिचं ओझं नको. मणी, बटणं, आरसे काही नाही. दोऱ्याच्या गाठी मारून थर धरायची सोपी पद्धतही सोडली, कारण गाठी नाजूक कातडीला टोचतात. टाचण्या डबीतून मोजून काढतो आणि मोजूनच परत ठेवतो. एक कमी भरली तर उठायचं नाही, हा नियम कोणालाही चुकत नाही.

नक्षीवरून मात्र चांगलीच जुंपली. एकीला लष्करी ठिपक्यांचं हिरवं कापड हवं होतं. मी विरोध केला आणि अजूनही करेन. जो माणूस त्या रंगात जखमी झाला, त्याला झोपतानाही तोच रंग कशाला पांघरायचा? शेवटी निळे-राखाडी तुकडे आणि मधूनच एखादा पिवळा, यावर एकमत झालं.

दुसरा वाद टाक्यांचा. काहींचा धावदोरा बारीक, मोत्यासारखा. काहींचा लांब, थोडा वाकडा. वाकडे उसवून पुन्हा घालायचे का? माझं मत, टाका घट्ट असेल तर राहू द्या. सैल मात्र उसवायचाच, कारण धुताना तोच आधी सुटतो. बाकी प्रत्येक हात वेगळा दिसला तर बिघडलं काय? 1942 मध्ये सिंगापूरच्या चांगी तुरुंगात जपान्यांच्या कैदेत असलेल्या बायकांनी त्यांच्यातल्याच एथेल मुल्वेनी यांच्या कल्पनेतून तीन गोधड्या केल्या, प्रत्येकीत 66 चौकोन. चौकोन एकेकीनं आपापल्या परीनं भरला, त्यावर नाव घातलं. गोधड्या जखमींसाठी म्हणून पुरुषांच्या छावणीच्या इस्पितळात जायच्या होत्या. नाव वाचलं की आपली बायको जिवंत आहे एवढं नवऱ्याला कळावं. तीनपैकी एक गोधडी जखमी जपानी सैनिकांसाठी होती. कैद करणाऱ्यांच्या जखमींसाठीसुद्धा! एकसारखे टाके असते तर त्या गोधड्यांतलं काय उरलं असतं?

आम्ही नावं पुढच्या बाजूला न घालता मागे खालच्या कोपऱ्यात एका कापडी पट्टीवर लिहितोय, न पुसणाऱ्या शाईनं: वर्ष, गटातल्यांची पहिली नावं, आणि धुण्याच्या सूचना. आडनावं, पत्ते नाहीत. घेणाऱ्यावर उत्तर पाठवायचं ओझं पडू नये.

आता अस्तर. ते वरच्या बाजूहून चारही कडांना दोन इंच जास्त, म्हणजे 64 बाय 84. कापडाचा पन्हा 44 इंच, म्हणजे जोड घ्यावाच लागणार. उभा जोड घेतला तर 84 इंचांचे दोन तुकडे लागतात. आडवा घेतला तर 64 इंचांचे दोन पुरतात, म्हणजे वारभराहून जास्त कापड वाचतं. मी आडव्याच्या बाजूची आहे. जोडाची माया अर्धा इंच सोडून दोन्हीकडे उघडून दाबली की अंगाला उंचवटा लागत नाही.

मग तिन्ही थर जमिनीवर अंथरून कच्चे टाके, मधून कडेकडे, हाताच्या पंजाएवढ्या अंतरानं. या कामाला गुडघे शाबूत असलेल्या मंडळींनीच यावं, बाकीच्यांनी गोटाच्या पट्ट्या कापायला घ्याव्यात. गोट अडीच इंचांची, दुमडून दुहेरी लावणार. कडा सर्वांत आधी झिजते.